तिसऱ्या ओळीतली सहा घरं

घरपट्टीवाल्याला दारात बघून आनंद झालेला माणूस मी एकतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही. पाणी सगळे देतात, चहाही बरेच जण देतात, पण चेहरा असा करतात की तो चहाही घरपट्टीतून वजा व्हावा. शिरटेक नगरपरिषदेत मी कर निरीक्षक. लोकांनी एकदा तरी आपल्याला दुवा द्यावा अशी माझी फार इच्छा होती, आणि 'पायरव' आला तेव्हा ती पुरी होणार असं मला मनापासून वाटलं होतं.

तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरपट्टीत मोठी सवलत द्यायची, ही योजना आमच्याकडे जुनीच. घर स्वतःच्या नावावर हवं आणि मालक स्वतः त्यात राहत हवा, एवढीच अट. पण ती सिद्ध करायला दर मार्चमध्ये हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, वर शपथपत्र. गुडघे धरून माणसं कचेरीच्या जिन्यावर बसून राहायची. एका वर्षी एक आजोबा त्या रांगेतच गेले. हयातीचा दाखला त्यांच्या हातात होता. उलट, मुलाकडे पुण्यात राहून इथलं घर भाड्याने देणारे पाचपन्नास जण सवलत बिनबोभाट घेत होते.

पायरव या नव्या यंत्रणेने हे सगळं एका वर्षात मिटवलं. त्यात जादू काही नव्हती. इंटरनेटसाठी रस्त्याखालून काचेच्या धाग्याची केबल गेलेली होतीच. ती प्रत्येक घराच्या जोत्याशी नेऊन भिडवली. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात डोळ्याला न दिसणारे कमी-जास्त घट्ट ठिपके असतात. केबलमधून लेसरचा झोत सोडला की प्रत्येक ठिपका त्यातला किंचित प्रकाश मागे पाठवतो. वर कुणी पाऊल टाकलं की जमीन थरथरते, केसाच्या हजाराव्या भागाइतकी केबल ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश जरासा बदलतो. असे झोत सेकंदाला हजारो जात असल्यामुळे कुठल्या मीटरवर पाऊल पडलं ते नेमकं कळतं.

शिवाय दोन माणसांची चाल सारखी नसते. टाच कधी टेकते, वजन कुठल्या पायावर पडतं, दुखरा गुडघा किती वेळ घेतो, हे ज्याचं त्याचं असतं. नोंदणीच्या दिवशी प्रत्येक पेन्शनराने आपल्या घरात वीसेक पावलं चालून दाखवायची, की झालं. पुढे महिन्याचे पंचवीस दिवस, दिवसाचे सोळा तास ती चाल त्या घरात असली की सवलत आपोआप लागू. ना कॅमेरा, ना कागद, ना रांग. त्या मार्चमध्ये कचेरीचा जिना रिकामा पाहून मी एकटाच त्याच्यावर थोडा वेळ बसलो होतो.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सवलत नाकारलेल्या घरांची पहिली लाल यादी आली. तिच्यात सूतगिरणी वसाहतीतली तिसरी ओळ आख्खी होती. पाच घरांपुढे शेरा होता, 'अनिवासी'. उरलेल्या एका घरापुढे लिहिलं होतं, 'सहा असंबंधित प्रौढ, कायम मुक्काम. व्यावसायिक वापर, लॉज.'

हे लॉज मालन शिवाजी तोडकर या एकाहत्तर वर्षांच्या बाईंचं होतं.

शिरटेकची सूतगिरणी बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. थकलेल्या देण्याच्या बदल्यात कामगारांना वसाहतीतल्या खोल्या नावावर करून मिळाल्या होत्या. एका ओळीत सहा खोल्या, वर एकच लांबलचक पत्र्याचं छप्पर, मध्ये सामाईक भिंती. भर दुपारी मी गेलो तर पाच दारांना कुलपं आणि मालनबाईंच्या दारात चपलांचा ढीग.

"या पिसाळसाहेब," आतून आवाज आला. "लॉज बघाय आलाय न्हवं? खोली पायजे का नुसतं जेवान?"

मालनबाई चुलीपुढे बसल्यासारख्या ऐसपैस गॅसपुढे बसून भाकरी थापत होत्या. शेजारी शमशाद मुल्ला नावाच्या त्यांच्याच वयाच्या बाई वांगी चिरत होत्या. दोघी गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात चाळीस वर्षांमागे एकाच दिवशी लागलेल्या. ओट्यावर आनंदा बाबर बसले होते. ते सूत कातायच्या रिंग खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम. गिरणी गेली तरी त्यांना सगळे अजून जॉबरच म्हणत. आणखी तिघं टीव्हीसमोर पेंगत होती.

"लॉज म्हंजे खाटा लागत्यात, साहेब," जॉबर म्हणाले. "आमी समदी भुईवर झोपतो. आमास्नी लॉज म्हणायचं म्हंजे लॉजवाल्यांचा अपमान हाय."

"पण तुमची घरं बंद ठेवून तुम्ही सगळे इथे का?" मी विचारलं.

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही नियमात बसणारं नव्हतं. सहा पेन्शनींत सहा शेगड्या पेटत नाहीत, एक पेटते. एक पंखा, एक दिवा, एक टीव्ही. आणि गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसांना दिवस कसा वाटून घ्यायचा ते शिकवावं लागत नाही. त्यांनी तीन पाळ्या लावल्या होत्या. पहिल्या पाळीने स्वयंपाक करायचा, दुसरीने भांडी आणि पाणी, आणि तिसरी जॉबरची एकट्याची.

"तिसऱ्या पाळीत काय काम?" मी विचारलं.

"शमशादवर ध्यान ठेवायचं," मालनबाई म्हणाल्या. "तिची साखर उतरती पाटंचं. घामानं भिजती, काय बी बरळती. जॉबरला तीस वरसं रातपाळी करून झोप न्हाईच. ह्यो मला हाक मारतो, मी गुळाचं पाणी पाजती. ह्या म्हैन्यात दोनदा झालं."

शमशादबाईंनी मान वर केली नाही. "उगा सांगू नगं गं सगळ्यास्नी," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना नियम समजावून सांगितला. सवलत गेली तर पूर्ण घरपट्टी, तीही मागच्या दोन वर्षांची, आणि मालनबाईंना लॉजचा दर. एवढे पैसे सहाजणांत मिळून नव्हते. नाही भरले तर जप्ती, हे मला सांगावं लागलं नाही. फेब्रुवारीत सुनावणी होती. तोवर तीन महिने जो तो आपापल्या घरात राहिला, पायरवचे शेरे हिरवे झाले, तर मी बाकीचं निस्तरेन असं मी म्हणालो. हा सल्ला मी कळवळ्याने दिला. कळवळ्याने दिलेला सल्लासुद्धा घात करतो, हे मला तेव्हा कळायचं होतं.

सरळ ऐकतील तर ते गिरणी कामगार कसले. पहिला आठवडाभर जॉबरांनी आपली हुशारी चालवली. सगळे मालनबाईंकडेच राहिले आणि जॉबर एकटे किल्ल्यांचा जुडगा घेऊन प्रत्येक घरात फेऱ्या मारायला लागले. प्रत्येक घरात तिथल्या मालकाच्या चपला घालून दोन-दोन तास येरझाऱ्या. पायरवला चपला कळत नव्हत्या, पण जॉबरांचा डावा गुडघा बरोबर कळत होता. पुढच्या यादीत शेरा आला, 'एक इसम, सहा घरं. बेनामी मालमत्तेचा संशय.' करायला गेले एक आणि झालं भलतंच. जॉबरांना मी कचेरीत बोलावून तो शेरा दाखवला तेव्हा ते छाती काढून म्हणाले, "बापजन्मात कुणी मला एवढा श्रीमंत समजलं न्हवतं." आणि मग खुर्चीत बसून राहिले. संशय नोंदल्यापासून त्या ओळीत परकं पाऊल पडलं तरी लाल शेरा लागणार होता. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी राहायला गेले.

पायरवचे शेरे एकेक करून हिरवे झाले. मुख्याधिकारी मॅडमनी माझं कौतुकही केलं. तरुण बाई, नियमाने चालणाऱ्या पण मनाने चांगल्या. मी मात्र रोज सकाळी कचेरीत आलो की आधी संगणकावर तिसरी ओळ उघडून बघायला लागलो. कारण मला एक गोष्ट दिसायला लागली होती. शमशादबाईंची पावलं आधी दिवसाला तीनेक हजार असायची. एकाच घरात सहाजणांना वाढायचं, पाणी द्यायचं, ओट्यावर जाऊन कुणाशी भांडून यायचं, म्हणजे तेवढी होणारच. महिनाभरात ती आठशेवर आली. मग पाचशेवर. शेगडीपासून पलंगापर्यंत आणि परत. सहाही घरांत तसंच. पायरवच्या लेखी सगळं उत्तम होतं. माणूस घरात आहे का, एवढंच आपण त्याला विचारलं होतं. माणूस कसा आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता मी संगणक उघडला आणि शमशादबाईंच्या घरात एकही पाऊल नव्हतं. पहाटेपासून एकही नाही. शेरा हिरवाच, कारण त्या बाहेर गेलेल्या नव्हत्या. मी मालनबाईंना फोन लावला.

"मालनबाई, शमशादबाई उठल्या का? जरा बघून या."

त्या म्हणाल्या, "जाऊ व्हय मी? मी गेल्यावर तुमचं लाल हुतंय न्हवं?"

चाळीस वर्षं जुन्या मैत्रिणीच्या घरात जायला ती बाई मला परवानगी विचारत होती. माझ्यामुळे. मला माझी फार लाज वाटली. "पळा," असं मी कसाबसा ओरडलो असेन. मग पडद्यावर पाहिलं. एकाहत्तर वर्षांची ती चाल, जी उंबरा ओलांडताना दोनदा थांबायची, ती आपल्या चौथ्या घरातून शमशादबाईंच्या पाचव्या घरात एका दमात गेली. पाठोपाठ जॉबरांचा डावा गुडघा. पाचव्या घरापुढे लाल शेरा लागला, 'अनधिकृत मुक्काम'.

शमशादबाई वाचल्या. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखर किती तरी तास उतरलेली होती, आणखी तासाभराने आणलं असतं तर उपयोग नव्हता. पण जीभ जड झाली. शब्द शोधायला वेळ लागू लागला. मी भेटायला गेलो तेव्हा मालनबाई त्यांच्या उशाशी बसून होत्या. मला वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी स्टूल पुढे केलं.

"तुमचं काय चुकलं न्हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी सांगितलं आन् आमी ऐकलं. पर आता मी हिला एकटी सोडत न्हाय. घर गेलं तर जाऊ द्या."

घर जाऊ द्या, हे त्या कशाच्या बळावर म्हणत होत्या ते मला ठाऊक होतं. बळ काहीही नव्हतं.

त्या आठवड्यात मी कर आकारणीचे नियम पहिल्या पानापासून वाचले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, हे कबूल करतो. शेवटी एक जुनं कलम सापडलं. एका छपराखालची सलग घरं आतून ये-जा करण्याजोगी असली आणि सगळ्या मालकांनी संमती दिली, तर ती एकच मिळकत धरावी. म्हणजे भिंतींना दारं पाडून सहा घरांचं एक घर केलं, तर सहाजण आपल्याच घरात राहणारे मालक ठरत होते. लॉज नाही, अनिवासी नाही. सवलत शाबूत. मुख्याधिकारी मॅडमनी कलम दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "सहाही सह्या आणा, मी मंजुरी देते. एक जरी कमी असली तरी माझे हात बांधलेले आहेत."

एक सही कमी होती. शमशादबाईंची.

त्यांना सगळ्यांनी मिळून घरी आणलं होतं, मालनबाईंच्याच खोलीत. मी कागद वाचून दाखवला. शमशादबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, त्यांनी तो स्वतः परत वाचला. मग एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे... काय?" त्यांनी विचारलं.

आमच्या नोंदवहीत मिळकत सामाईक असली की पहिल्या मालकाचं पूर्ण नाव येतं आणि बाकीच्यांसाठी 'व इतर' लिहितात. कागदावर मी मसुदा लिहिला होता, 'मालन शिवाजी तोडकर व इतर ५'. सगळे सध्या त्यांच्याकडे जमतात, म्हणून नाव मालनबाईंचं. मी समजावून सांगितलं की हक्क सगळ्यांचा सारखाच राहतो, ही नुसती लिहिण्याची पद्धत.

शमशादबाईंनी कागद बाजूला ठेवला. "न्हाय," त्या म्हणाल्या.

"अगं, न्हाय काय?" जॉबर चिडले. "मरता मरता वाचलीस तू!"

"तवा मेली असती... तरी घर माझ्या नावावर व्हतं," शमशादबाई म्हणाल्या. त्यांना एकेक शब्द ओढून आणावा लागत होता आणि आम्ही सगळे थांबून राहिलो होतो. "तीस वरसाची व्हते. नवऱ्यानं भाईर काढलं. रात गावदरीला काढली. म्हणाला, तुजं हाय काय हितं? मंग गिरणीत लागले. मंग ह्ये घर. घरपट्टीचं बिल येतंय न्हवं, त्येच्यावर माझं नाव असतंय. मी ती सगळी बिलं ठिवल्यात." त्यांनी मालनबाईंकडे पाहिलं. "मला इतर करू नगंस, मालन."

घरपट्टीचं बिल कुणी जपून ठेवत असेल, हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. मी आजवर ते लोकांच्या हातात अपराध्यासारखा देत आलो होतो.

मालनबाईंचंही घर साधंसुधं मिळालेलं नव्हतं. गिरणीने खोली त्यांच्या नवऱ्याच्या नावावर करायचं ठरवलं होतं. राबलेली मी आणि नाव त्याचं का, म्हणून त्या गिरणीच्या फाटकावर चार दिवस बसल्या होत्या. ही गोष्ट साऱ्या वसाहतीला माहीत होती आणि मालनबाई ती वर्षातून दोनदा तरी सांगायच्याच. चाकणला असलेल्या त्यांच्या मुलीने, उज्ज्वलाने, दोन दिवसांपूर्वीच फोनवर बजावलं होतं, आई, काहीही कर पण नाव सोडू नकोस.

"साहेब, तिचं नाव वर लिवा," मालनबाई म्हणाल्या.

"मालनबाई, नीट विचार करा. एकदा नोंद झाली की सहज बदलत नाही. उज्ज्वलाताईंनाही विचारा."

"उज्ज्वलेला मी सांगती. ती चिडंल आन् चार दिसांनी फोन करंल. ही गेली तर ही फोन करणार हाय व्हय?" त्या शमशादबाईंकडे वळल्या. "तू मुल्ला, आमी इतर. आता सही करतीस का अजून काय मानपान ऱ्हायलाय?"

शमशादबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. सही वेडीवाकडी झाली, पण झाली. मालनबाईंना फक्त सहीच येते. त्यांनी आपली सही फार सावकाश केली. तोडकरमधला र झाल्यावर पेन उचललं नाही, तसंच टेकवून ठेवलं. मी दुसरीकडे बघत राहिलो. त्या वेळी त्यांच्याकडे बघणं मला बरं वाटलं नाही.

फेब्रुवारीच्या सुनावणीत लॉजची आणि मागची आकारणी रद्द झाली, आणि पालिकेचा अभियंता येऊन भिंतींवर खडूने दारांच्या खुणा करून गेला. पाच भिंती, पाच दारं. गवंड्याची मजुरी वाचावी म्हणून पहिल्या भिंतीला जॉबरांनी स्वतः पहार लावली. चौथ्या आणि पाचव्या घरामधली भिंत. पाचव्या घावाला माझा फोन वाजला. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातून कुणीतरी घाबरून विचारत होतं, शिरटेकमध्ये भूकंपाचे हादरे दिसताहेत, जीवितहानी आहे का?

"जीवितहानी नाही," मी सांगितलं. "भिंत पाडताहेत. अजून चार पाडायच्या आहेत, घाबरू नका."

दारं झाली. सहा घरांत दिवसाला किती पावलं पडतात ते मी आता बघत नाही. एकदा बघितली होती, ती इतकी होती की यंत्राने मोजणी बरोबर आहे का म्हणून स्वतःच विचारणा केली होती.

एप्रिलमध्ये नवीन बिलं निघाली. तिसऱ्या ओळीचं बिल मी शिपायाकडे दिलं नाही, स्वतः घेऊन गेलो. मालनबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. आतल्या आत कुठल्या तरी दारातून जॉबर आणि शमशादबाई भांडत असल्याचा आवाज येत होता. मालनबाईंनी हात पुसून बिल घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

"ह्यात मी कुठं हाय, दावा."

कागदावर ठळक अक्षरांत होतं, 'शमशाद इमाम मुल्ला', आणि पुढे बारीक अक्षरांत 'व इतर ५'. मी त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. मालनबाई वाकून, डोळे बारीक करून त्याकडे बघत राहिल्या. ती अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण किती आहेत ते मोजता येत होतं.

"एवढ्याशात आमी पाचजण मावलो व्हय?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बिलाची नीट घडी घातली आणि आतल्या दारातून हाक मारली, "शमशाद, ये. तुझा कागद आलाय."